गंगाराम कांबळे यांचा चहा

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचे याची यादी ठरलेली आहे. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, खासबाग मैदान, नवा राजवाडा, वेळ असला तर पन्हाळा. संध्याकाळ झाली की पाहुणाच विचारतो, बसायचे कुठे? मग तांबडा-पांढरा कुठला चांगला, कुठल्या बारमध्ये निवांतपणा मिळतो, यावर चर्चा रंगते. या चर्चेत एक नाव कधीच निघत नाही. ते नाव भाऊसिंगजी रस्त्यावर एकेकाळी असलेल्या 'सत्यसुधारक' हॉटेलाचे. तेथे दारू मिळत नव्हती, साधा चहा मिळत होता. पण या शहरात आज अनोळखी माणसे एका टेबलाशी बसतात आणि एकाच मोरीत विसळलेल्या पेल्यांतून पितात. त्या पेल्याचा इतिहास हे हॉटेल वगळून लिहिता येणार नाही.

हॉटेलचे मालक गंगाराम कांबळे जातीने महार. ते संस्थानच्या पागेत मोतद्दार होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला त्यांनी हात लावला, म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्यांना अमानुष मारहाण केली. शाहू छत्रपती त्या वेळी परगावी होते. ते परतल्यावर गंगारामांनी सोनतळीच्या कॅम्पवर जाऊन त्यांच्यापुढे आपली पाठ उघडी केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर, असे त्यांनी गंगारामांना सांगितले आणि त्यासाठी मदतही केली. गंगारामांनी धंदा काढला तो चहाच्या हॉटेलचा.

ही निवड नीट समजून घेतली पाहिजे. अस्पृश्याने कातड्याची वस्तू विकली, दोर विकला, केरसुणी विकली तर वर्णव्यवस्थेला काही धक्का बसत नाही. उलट ती तिच्या नियमाप्रमाणेच चालते. कोरडी वस्तू हातातून हातात जाऊ शकते. विटाळाचा खरा पहारा आहे तो पाण्यावर आणि शिजवलेल्या अन्नावर. चहा म्हणजे पाणी, दूध आणि विस्तव. तो घेणाऱ्याने महाराच्या हातचे पाणी घशाखाली उतरवायचे असते. शास्त्रकारांना चहा ठाऊक नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दल पोथीत निषेध नव्हता. पाण्याबद्दल मात्र भरपूर होता. ज्या हाताने हौदाचे पाणी शिवले म्हणून पाठ फोडली, त्याच हाताने उकळलेले पाणी गावाला पाजायचे, आणि वर त्याचे पैसे घ्यायचे! धंद्यांत याहून अवघड धंदा नव्हता आणि याहून नेमका जबाबही नव्हता.

अपेक्षेप्रमाणे गिऱ्हाईक फिरकेना. हॉटेल स्वच्छ होते, चहा ताजा होता. पण महाराच्या हॉटेलची पायरी चढणार कोण? तेव्हा शाहू महाराज रस्त्याने जाताना आपली गाडी हॉटेलपुढे उभी करू लागले. भर रस्त्यात गंगारामांना हाक मारून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, कारभाऱ्यांनाही पाजायचा. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारायची कोणाची छाती होती? बाटण्याच्या भीतीपेक्षा मर्जी जाण्याची भीती मोठी ठरली.

ही हकीकत आता शाळेतल्या भाषणांतूनही सांगितली जाते. सांगताना ती राजाच्या मोठेपणाची गोष्ट होते आणि गंगाराम तिच्यात कप घेऊन उभे राहिलेले पात्र होतात. महाराजांचे मोठेपण निर्विवाद आहे. १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखणारा, १९१८ साली महार वतनाची वेठ मोडणारा, १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून जाहीरपणे गौरवणारा हा राजा. परंतु महाराजांची गाडी थोडा वेळ थांबून निघून जाई. उरलेला दिवस दुकान उघडे ठेवून, चूल पेटती ठेवून, पाठ फिरवणारी तोंडे पाहत बसत होते ते गंगाराम कांबळे. ते धैर्य रोजचे होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९१९ साली महाराजांनी हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथील शिवाशिवीला बंदी केली. हुकमाने विहीर खुली करता येते. पण अमुक एका माणसाच्या हातचा चहा प्याच, असा हुकूम काढता येत नाही. म्हणूनच राजाला तेथे हुकूम बाजूला ठेवून स्वतः गिऱ्हाईक व्हावे लागले.

आपल्या बहुतेक लढ्यांनी मागणी केली ती घेण्याच्या हक्काची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाणी प्यालो. संविधानाच्या १५व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी सर्वांना खुली केली, १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने तिचे पालन हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. गंगारामांचा प्रश्न मात्र गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूचा होता. आम्हाला वाढा, हे म्हणणे एक. आम्ही वाढलेले घ्या, हे म्हणणे निराळे. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांच्या बाकावर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती त्यांना नाकारली गेली. पण त्याच दुकानाच्या खाद्यविभागात काळे नोकर राबत होते. काळ्या हाताने रांधलेले गोऱ्याला चालत होते, काळा माणूस शेजारी चालत नव्हता. जातीची गाठ याहून खोल आहे. तिला आपला हातही चालत नाही.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. रस्त्यात गाडी थांबवणारा राजा राहिला नाही, त्याच्या जागी कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात शाळेतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या असे सांगितले. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात दलित बाईने रांधले म्हणून सवर्ण मुलांनी जेवण नाकारले. मुलांना हे शिकवते कोण? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आहे. पण गिऱ्हाईक पायरी का चढले नाही, हे कुठल्या पंचनाम्यात लिहायचे? शहरातल्या बारमध्ये कोणी जात विचारत नाही, हे खरे. तेथे मालकाचे, आचाऱ्याचे नाव माहीत नसते म्हणून विचारत नाही. फलकावर आडनाव लिहिले की गिऱ्हाईक तितकेच राहते का, ही खरी कसोटी आहे. आपल्या तरुणांनी खानावळ काढताना आडनाव टाळून देवाचे किंवा गावाचे नाव द्यावे लागते, तोवर ती कसोटी आपला समाज उतरला असे म्हणता येणार नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्यांचे पहिले स्मारक सरदार-दरकदारांनी उभारले नाही. १९२५ साली नर्सरी बागेजवळ ते उभे केले गंगाराम कांबळे यांनी आणि त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी. राजाने चहाचे पैसे दिले होतेच. हे स्मारक म्हणजे माणसाने माणसाला दिलेली ओळख होती. कोल्हापूरला येणाऱ्या कार्यकर्त्याने, विद्यार्थ्याने संध्याकाळी कुठेही बसावे. पण आधी भाऊसिंगजी रस्त्याने एकदा चालत जावे, आणि आपल्या गावात आपण कोणाच्या हातचे पितो व कोणाच्या हातचे टाळतो, याचा हिशेब मांडावा.