देवगिरीच्या कचेरीतलं गर्भशास्त्र

कोंबडीचं अंडं बहात्तर तास उबवून काढायचं. कवचाला वरून हलकेच खिडकी पाडायची, बलकावर कागदाचं कडं बसवायचं, त्याच्या बाहेरून कात्री फिरवायची आणि तो नाजूक पडदा कड्यासकट मिठाच्या पाण्यात उतरवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लू दिसतं: पुढे वाकलेलं भलं मोठं डोकं, आणि धडाला चार बारीक उंचवटे, दोन पंखांचे, दोन पायांचे. वारंगा फाट्यावर नांदेडची नाहीतर हिंगोलीची एसटी धरून बी.एस्सी.ला जाणारी मुलं प्राणिशास्त्राच्या वहीत हीच आकृती काढतात.

या विद्येची कुळी पुस्तकं माल्पिगी, वोल्फ, फॉन बेअर अशी सांगतात. ती खरीच आहे. पण डोकं आणि चार उंचवटे ही पाचांची मोजणी मला मराठवाड्यातच भेटली, तीही गाण्याच्या ग्रंथात.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव श्रीकरणाधिप होता, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त श्रुती-स्वरांच्या आधी ‘पिंडोत्पत्ती’ नावाचं प्रकरण येतं. गर्भ पहिल्या महिन्यात पातळ, दुसऱ्यात घट्ट, आणि तिसऱ्यात त्याला पाच अंकुर फुटतात: दोन हात, दोन पाय, डोकं. याचं कारण नादाची देहातली स्थानं: मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. नाद देहातूनच उठायचा, तर देह घडला कसा हे आधी सांगायला नको?

यावर जाणकार म्हणतात, हे सगळं उसनं आहे. खरं आहे. सुश्रुताकडे तिसऱ्या महिन्यात पाच पिंडक आहेत, वाग्भटाकडे पाच गात्रं. माकोतो कितादा या जपानी अभ्यासकानं २०१२ च्या पुस्तकात हे प्रकरण वैद्यकग्रंथांशी आणि शिवगीतेशी ताडून पाहिलं आहे. पण उसनं घेणाऱ्यालाही निवड करावीच लागते, आणि इथे निवडीला वाव होता. चरक तिसऱ्या महिन्यात सगळी इंद्रियं आणि सगळे अवयव एकदमच उपजवतो. पाचांची गोष्ट त्याच्याकडे नाही. त्वचेचे थर चरक सहा मोजतो, सुश्रुत सात. शार्ङ्गदेव सातांच्या बाजूला. एकदा योगायोग म्हणता येईल, दोनदा नाही. माझ्या मते हा माणूस कोणाकडून घ्यायचं ते जाणून घेत होता.

आधी काय घडतं, हा वाद तर त्याहून जुना. सुश्रुतानं मतं नोंदवली आहेत: शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय. निवाडा धन्वंतरीचा: सगळं एकाच वेळी, फक्त बारीक असल्यानं दिसत नाही, कोवळ्या आंब्यात कोय आणि केसर वेगळे दिसत नाहीत तसं. पिल्लाच्या बाबतीत हा निवाडा टिकत नाही. दुसऱ्याच दिवशी हृदय धडधडू लागतं, डोक्याचा आकार आलेला असतो, आणि हातापायांच्या जागी अजून काही नसतं. माझं मत कृतवीर्याला.

महिन्यांचा हिशेब मात्र चुकलेला आहे. माणसाच्या गर्भात हे उंचवटे चौथ्या आठवड्याच्या शेवटी उठतात, तिसऱ्या महिन्यात बोटंसुद्धा सुटी झालेली असतात. आकार बरोबर आणि वेळ चूक, म्हणजे नुसतं डोकं चालवून हे लिहिलेलं नाही. पडलेला गर्भ कुणीतरी निरखून पाहिला असणार आणि दिवस अंदाजानं धरले असणार. ते डोळे एखाद्या सुइणीचे होते, असं मी धरून चालतो.

देवगिरीतच हे का, यालाही माझ्याकडे एक धागा आहे. शार्ङ्गदेवानंतर काही दशकांनी तेच श्रीकरणाधिपपद हेमाद्रीकडे आलं, आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो तो. त्यानं वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. एकाच कचेरीतले दोन हिशेबनीस, दोघंही शरीराच्या अभ्यासात शिरलेले. त्या दरबारात वाग्भटाच्या पोथ्या हातोहात फिरत होत्या आणि ‘पिंडोत्पत्ती’ त्यांतूनच उगवली, असा माझा दावा आहे. शार्ङ्गदेव या प्रकरणात स्वतःच सांगतो की हा नुसता संक्षेप झाला, विस्तार माझ्या ‘अध्यात्मविवेक’ ग्रंथात पाहावा. दाव्याचा निकाल त्या ग्रंथात लागला असता, पण तो आज उपलब्ध नाही.