एका सुटलेल्या झेलाची साठ वर्षे
बेसबॉलपटूंच्या मुलाखतींनी जपलेला इतिहास

अमेरिकी बेसबॉलमध्ये आकडेवारीला धर्मग्रंथाचे स्थान आहे. कोणत्या पिचरने किती सामने जिंकले, कोणत्या फलंदाजाने किती होम रन मारले, याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून ठेवल्या गेल्या आहेत. मात्र खेळाडू मैदानावर कसा पोहोचला, अपयशाचे ओझे त्याने आयुष्यभर कसे वाहिले, याची नोंद या तक्त्यांत नसते. ती उणीव भरून काढली ती खेळाडूंच्या मुलाखतींनी, आणि या परंपरेचा पाया एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने घातला.

टेपरेकॉर्डर घेऊन निघालेला प्राध्यापक

जुलै १९६१ मध्ये महान बेसबॉलपटू टाय कॉब यांचे निधन झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक लॉरेन्स रिटर यांचे वडीलही वारले. वडिलांनी लहानपणी ज्यांच्या कथा सांगितल्या, ते खेळाडू एकेक करून काळाच्या पडद्याआड जात असल्याची जाणीव रिटर यांना झाली. त्यांनी एक अवजड टेपरेकॉर्डर सोबत घेतला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या खेळाडूंचा शोध सुरू केला. हा प्रवास सुमारे पंचाहत्तर हजार मैलांचा, म्हणजे एक लाख वीस हजार किलोमीटरचा झाला.

शोध सोपा नव्हता. त्या पिढीतील बहुतेकांना निवृत्त होऊन चार-पाच दशके लोटली होती. कारकिर्दीत ३०९ ‘ट्रिपल’ (एका फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत मजल) मारण्याचा आजही अबाधित असलेला विक्रम करणारे सॅम क्रॉफर्ड कॅलिफोर्नियातील एका लहानशा गावात अज्ञातवासात राहत होते. कित्येक दिवसांच्या शोधानंतर रिटर यांना ते भेटले ते कपडे धुण्याच्या एका सार्वजनिक केंद्रात!

या भेटींतून १९६६ मध्ये ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ हे पुस्तक साकारले. त्यात बावीस खेळाडूंची मनोगते होती; १९८४ च्या आवृत्तीत आणखी चारांची भर पडली. रिटर यांनी स्वतःचे प्रश्न पुस्तकातून काढून टाकले. त्यामुळे एखादे आजोबा ओसरीवर बसून आपली कहाणी सांगत आहेत, असे वाचकाला वाटते. पुस्तकाच्या मानधनात त्यांनी या खेळाडूंनाही वाटेकरी करून घेतले.

एक सामना, अनेक साक्षीदार

या मुलाखतींचे मोल १९१२ च्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यातून उमगते. १६ ऑक्टोबर १९१२ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्क जायंट्स दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध २-१ असा आघाडीवर होता. बॉस्टनच्या क्लाइड एंगल यांनी उंच मारलेला सोपा चेंडू जायंट्सचे मध्य क्षेत्ररक्षक फ्रेड स्नॉडग्रास यांच्या हातून निसटला. पुढे बॉस्टनने दोन धावा काढून सामना व विजेतेपद पटकावले. विजेत्या आणि उपविजेत्या संघांना मिळणाऱ्या बक्षिसांतील फरकावरून वृत्तपत्रांनी या चुकीला ‘तीस हजार डॉलरची चूक’ असे नाव दिले.

पुढच्याच चेंडूफळीच्या लढतीत हॅरी हूपर यांनी मारलेला जोरदार फटका स्नॉडग्रास यांनी धावत जाऊन अप्रतिमपणे झेलला होता. नंतर ट्रिस स्पीकर यांचा सोपा झेल जायंट्सच्या खेळाडूंनी आपसांतील गोंधळात सोडला. त्या जीवदानाचा लाभ घेऊन स्पीकर यांनी बरोबरी साधून दिली. तरीही दोष चिकटला तो एकट्या स्नॉडग्रास यांना.

रिटर यांच्या पुस्तकात या सामन्यातील दोन्ही बाजूंचे खेळाडू बोलतात. स्नॉडग्रास स्वतः आहेत, ज्यांचा फटका त्यांनी झेलला ते हूपर आहेत, विजयी पिचर ‘स्मोकी’ जो वुड आहेत आणि जायंट्सचे कॅचर ‘चीफ’ मेयर्सही आहेत. प्रतिस्पर्धी हूपर यांनी त्या अवघड झेलाची मनमोकळी तारीफ केली. धावफलकावर जे दिसत नाही ते प्रतिस्पर्ध्याच्या साक्षीने पुढे आले.

स्नॉडग्रास पुढे कॅलिफोर्नियात बँक व्यवसायात स्थिरावले, ऑक्सनार्ड शहराचे महापौर झाले. एका चुकीची आठवण लोक अर्धशतकाहून अधिक काळ करून देतात, हे त्यांनी कडवटपणा न बाळगता सांगितले. एप्रिल १९७४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने मृत्युलेखाच्या शीर्षकातच १९१२ च्या सुटलेल्या झेलाचा उल्लेख केला. महापौरपद शीर्षकात आले नाही.

ज्याला कोणी विचारले नाही

त्याच जायंट्स संघातील फ्रेड मर्कल यांना ही संधीही लाभली नाही. २३ सप्टेंबर १९०८ रोजी शिकागो कब्जविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या क्षणी अल ब्रिडवेल यांच्या फटक्यावर जायंट्सची विजयी धाव निघाली. पहिल्या बेसवरील एकोणीस वर्षांचे मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच ड्रेसिंग रूमकडे वळले. नियमानुसार त्यांना बाद ठरवण्यात आले, धाव रद्द झाली, सामना बरोबरीत सुटला. फेरसामना जिंकून कब्जने लीगचे अजिंक्यपद मिळवले आणि मर्कल यांच्या नावाला कायमचा डाग लागला.

मर्कल १९५६ मध्ये वारले. रिटर यांचा टेपरेकॉर्डर त्यांच्यापर्यंत पोहोचूच शकला नाही. मात्र ब्रिडवेल हयात होते. तो फटका मारण्याऐवजी आपण बाद झालो असतो तर बरे झाले असते, मर्कल यांना एवढे सोसावे लागले नसते, अशी खंत त्यांनी व्यक्त केली.

खाणीतून मैदानावर

सहज डोकावणारे सामाजिक वास्तव हेही या मुलाखतींचे वैशिष्ट्य. पिचर स्टॅन कोव्हलेस्की हे पेनसिल्व्हेनियातील शामोकिन या कोळसा खाणींच्या गावचे. बाराव्या वर्षी ते खाणीत कामाला लागले. आठवड्याला ७२ तास राबल्यावर पावणेचार डॉलर हाती पडत. संध्याकाळी दगड मारून पत्र्याचे डबे टिपण्याचा छंद त्यांना जडला आणि त्यातूनच नेम पक्का झाला. पुस्तकामुळे विस्मृतीत गेलेल्या या पिढीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. पुढच्या काही वर्षांत गूस गॉसलिन (१९६८), कोव्हलेस्की (१९६९), हूपर आणि रूब मारक्वार्ड (दोघे १९७१) यांची बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.

स्मृतीच्या मर्यादा

मात्र आठवण म्हणजे दस्तऐवज नव्हे. वडिलांचा विरोध पत्करून घर सोडल्याची मारक्वार्ड यांची कहाणी पुस्तकातील सर्वांत हृद्य मानली जाते. पुढे अभ्यासकांनी जुनी वृत्तपत्रे व नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांनी सांगितलेले वय आणि अनेक तपशील जुळले नाहीत. अशी मुलाखत नोंदींशी ताडून पाहावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांना प्रमुख लीगचे दरवाजे बंद होते. साहजिकच रिटर यांच्या पुस्तकात कृष्णवर्णीय लीगमधील एकही खेळाडू नाही. ही पोकळी भरून काढण्याचे काम इतरांनी केले. जॉन हॉलवे यांचा या खेळाडूंच्या मुलाखतींचा संग्रह १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. या लीगमधील सामन्यांच्या नोंदी विखुरलेल्या असल्याने खेळाडूंचे कथन हाच अनेकदा मोठा आधार होता. अखेर मे २०२४ मध्ये मेजर लीगने या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. त्यामुळे कारकिर्दीतील फलंदाजीच्या सर्वोच्च सरासरीचा मान कॉब यांच्याकडून जोश गिब्सन यांच्याकडे गेला. गिब्सन मात्र १९४७ मध्येच, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निवर्तले होते.

बोलणे आणि न बोलणे

आजच्या खेळाडूंच्या मुलाखतींना कमतरता नाही. प्रत्येक सामन्यानंतर कॅमेरे सज्ज असतात. तरीही मोकळे बोलणे दुर्मिळ झाले आहे. १९९८ मध्ये ७० होम रनचा विक्रम करणारे मार्क मॅग्वायर २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तेजकांविषयीच्या प्रश्नांना बगल देत राहिले. जानेवारी २०१० मध्ये प्रशिक्षक म्हणून परतताना त्यांनी बॉब कोस्टास यांना दिलेल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत स्टेरॉइड घेतल्याची साश्रू कबुली दिली. २०१४ मध्ये डेरेक जीटर यांनी खेळाडूंना स्वतःच्या शब्दांत लिहिता यावे, म्हणून ‘द प्लेयर्स ट्रिब्यून’ हे व्यासपीठ सुरू केले. तेथे खेळाडू बोलतो. पण त्याला आडवा प्रश्न विचारणारा समोर नसतो.

रिटर २००४ मध्ये निवर्तले. त्यांच्याशी बोललेले खेळाडू त्यापूर्वीच काळाआड गेले होते. आकडेवारीच्या पुस्तकात स्नॉडग्रास यांच्या नावापुढे ती चूक आजही नोंदलेली आहे. त्याच इनिंगमध्ये त्यांनी घेतलेला अवघड झेल मात्र लोकांच्या लक्षात राहिला नव्हता. वेळेत कोणीतरी जाऊन विचारले, म्हणून तो प्रतिस्पर्ध्याच्याच तोंडून पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचला.