आकाश उसनं, समुद्र घरचा

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. समोर कुठलाही कागद आला की आधी तारीख बघायची. सोमवारचं व्हाउचर आणि गुरुवारची सही एकत्र दिसली की आमच्या भुवया आपोआप वर जातात. त्यामुळे दोन ठिकाणचे, दोन दिवसांचे फोटो जोडून त्यांचा एक करणाऱ्या मंडळींकडे आम्ही ऑडिटरच्याच नजरेनं बघतो.

हे हल्लीच्या मोबाईलचं पाप, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावून फोटो काढीत आणि त्या रसायनाला निळ्या रंगाचं भारी वेड. समुद्र नीट यावा म्हणून वेळ द्यावा, तर तोवर आकाश पांढरंफटक. आकाश सांभाळावं, तर खाली समुद्राच्या जागी डांबर. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच गृहस्थानं 1856-57 च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची काच वेगळी, ढगांची वेगळी. छापताना एक भाग झाकून दुसरा छापायचा, मग उलट. आणि शिवण नेमकी क्षितिजावर घ्यायची, म्हणजे दिसत नाही. शिंप्यानं हेवा करावा असं काम! मात्र त्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, की तेच ढग वेगवेगळ्या समुद्रांवर दिसतात. चाळीतली एकच पैठणी तीन घरच्या लग्नांत मिरवते, त्यातलाच प्रकार. तरी ल ग्रेला आम्ही पास करतो. समुद्र खरा, ढगही खरे. त्यानं फक्त गाठ घालून दिली.

फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन माणसाचं व्हाउचर मात्र आमच्या टेबलावर अडतं. गडी जिवावर उदार. शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेला, तिथं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडलं. नोव्हेंबर 1915 मध्ये वजन कमी करायला यानं बर्फावर बसून काचा निवडल्या : सुमारे 120 ठेवल्या आणि उरलेल्या चारएकशे फोडल्या. मोह नको म्हणून! पुढं त्याच्याजवळ उरला एक खिशातला कोडॅक आणि तीन रोल.

24 एप्रिल 1916 ला एलिफंट बेटावरून शॅकल्टन पाच जणांना घेऊन लहानशा नावेतून मदत आणायला निघाला. मागं राहिलेल्या बावीस जणांनी हात हलवून निरोप दिला. हर्लीनं फोटो काढला. चार महिन्यांनी, 30 ऑगस्टला, शॅकल्टन चिलीचं जहाज घेऊन परत आला. बावीसच्या बावीस जिवंत. आता सुटकेचा फोटो हवा ना? हर्लीनं निरोपाच्याच फोटोवर कारागिरी केली आणि तो सुटकेचा म्हणून दाखवला. लांबून पाहिलं तर ‘जा’ म्हणणारा हात आणि ‘आलात?’ म्हणणारा हात सारखाच दिसतो म्हणा! पण ज्यानं तो हलवला त्याला फरक ठाऊक असणार.

1917 मध्ये हाच हर्ली बेल्जियमच्या रणांगणावर. त्याचं म्हणणं, खंदक, तोफा, विमानं ही सगळी लढाई एका काचेत मावतच नाही. तेही खोटं नव्हे. इतिहास लिहिणारे चार्ल्स बीन म्हणाले, हे बनावट आहे. हर्लीनं राजीनाम्याची धमकी दिली. अखेर तडजोड झाली : असे सहा फोटो करा, पण जोडलेले आहेत हे स्पष्ट लिहा. 1918 ला लंडनच्या प्रदर्शनात बारा काचांचा, सुमारे वीस फूट लांबीचा फोटो लागला. त्यात हल्ल्याला निघालेले सैनिक मुळात सरावातले होते. बीनसाहेब आमच्या खात्यात असते तर फार वर चढले असते.

एवढं सगळं ठाम मत असताना गेल्या वर्षी घरातच प्रकरण उद्भवलं. आमची मंडळी केदारनाथला गेली. आत्या गुडघ्यांमुळे राहिली. भाच्यानं कॉम्प्युटरवर बसून तिचा अंगणातला फोटो त्या रांगेत उभा केला. उंची जुळवली, शालीवर थोडा थंडीचा निळेपणाही आणला. आत्यानं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“अरे, सगळ्यांच्या सावल्या डावीकडं. माझीच उजवीकडं कशी?”

हर्लीला, ल ग्रेला जी गोष्ट सांभाळावी लागली ती नेमकी हीच. सूर्य एकच असावा लागतो.

भाचा ओशाळला. म्हणाला, “पाच मिनिटांत फिरवतो आत्याआजी.”

“नको. मी इथंच होते रे. तेवढं राहू दे त्यात.”

फोटो भिंतीवर आहे. पाहुणे आले की आत्या तो कौतुकानं दाखवते, आणि चहा येईपर्यंत त्यांना सावली शोधायला लावते.