उताराचे माप आणि मंडळाचे स्वातंत्र्य

इमारत समितीच्या सभांना बसण्याचे प्रसंग आम्हांला अनेकदा आले. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करावा, असे कोणी सुचवले की प्रथम खर्च विचारला जातो, मग जागा मोजली जाते आणि शेवटी ‘दोघे जण उचलून वर नेतील’ असे म्हणून विषय संपतो. ज्याला उचलून न्यायचे, तो मात्र त्या सभेत नसतो. त्याला अशा सभेत हक्काचे आसन मिळवून देणारा आणि ते राखणारा एक बोधप्रद इतिहास अमेरिकेत घडला आहे.

तरुणपणी पोलिओने पांगळे झालेले ह्यू गॅलागर हे अलास्काचे सिनेटर बॉब बार्टलेट यांचे साहाय्यक होते. राजधानी वॉशिंग्टनमधील सार्वजनिक वास्तूंच्या पायऱ्या त्यांची वाट अडवीत. त्यांच्या खटपटीतून १९६८ साली कायदा झाला : केंद्र सरकारच्या पैशाने उभी राहणारी इमारत अपंगांना वापरता आलीच पाहिजे. कायदा उत्तम होता. परंतु तो पाळला जातो की नाही, हे पाहणारे कोणी नव्हते. म्हणून १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने एक मंडळ नेमले. तेच पुढे ‘ॲक्सेस बोर्ड’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मेख होती ती मंडळाच्या रचनेत. सदस्य सारे सरकारी खात्यांचे. ज्यांच्या इमारती तपासायच्या, तेच तपासनीस! ही उणीव ध्यानी येऊन १९७८ साली अमेरिकन संसदेने जनतेतून ११ सदस्य नेमण्याची तरतूद केली, त्यांत अपंगांना स्थान दिले आणि किमान मापे ठरवण्याचे काम मंडळाकडे सोपवले.

जानेवारी १९८१ मध्ये मंडळाने ती मापे प्रसिद्ध केली. त्याच महिन्यात सत्तांतर झाले. सरकारी नियमांचा भार हलका करणे हे नव्या राजवटीचे धोरण होते. वर्ष सरण्यापूर्वीच मापे रद्द करण्याचा प्रस्ताव पुढे आला. अपंगांनी व त्यांच्या संघटनांनी जोरदार हरकती घेतल्या. अखेर ऑगस्ट १९८२ मध्ये मापांत फेरफार झाले, पण ती पुसली गेली नाहीत. १९९० साली अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा आला, तेव्हा १९९१ च्या मानकांसाठी याच मंडळाचे काम पायाभूत ठरले. एक इंच चढण्यासाठी किमान बारा इंच लांबीचा उतार, हे साधे माप अशा झगड्यातून टिकले आहे.

पुढे कायद्याने मंडळाची घडण अधिक भक्कम केली. २५ सदस्यांपैकी १३ जनतेतले, त्यांत अपंगांचे बहुमत. उरलेली १२ आसने सरकारी खात्यांची. खर्चाची व अडचणींची जाण असलेली खाती येथे आहेत. निर्णय मात्र त्यांच्या एकट्यांच्या हाती नाही. स्वातंत्र्य म्हणजे सरकारशी फारकत नव्हे, हे यावरून समजते. तरीही सदस्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि पैसा सरकारी तिजोरीतून येतो, हे विसरता येत नाही. म्हणूनच सद्हेतूवर विसंबून न राहता आसनांची संख्यादेखील कायद्यात लिहून ठेवावी लागली.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने मुख्य आयुक्तांना चौकशीचे व शिफारशीचे अधिकार दिले. शिफारस अमान्य असल्यास संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारण कळवायचे आहे. सुगम्यतेविषयीचा २०१७ चा नियम मात्र केवळ मार्गदर्शनापुरता उरला असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला.

नियम बंधनकारक झाला तरी माप कोण धरणार, हा प्रश्न उरतोच. ते धरणाऱ्यांत चाकाच्या खुर्चीतला मनुष्य असावा, आणि वरिष्ठांची मर्जी फिरली म्हणून त्याला तेथून उठवता येऊ नये. इमारत समितीच्या पुढच्या सभेची सूचना काढताना आम्ही स्वतःपासूनच आरंभ करावा, हे उचित.