म्हाताऱ्या मांजराच्या ट्रेमध्ये काय घालावं? वाळू, भुसा, कागद की विकतची माती?

समजा, शहागडमधलं एक घर आहे. धुळे-सोलापूर महामार्गापासून दोन गल्ल्या आत. घरात मनी आहे, वय वर्षं १४. इतकी वर्षं मनीनं घरात कधी घाण केली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात बांधकामातून उरलेला वाळूचा ढीग होता, तिचं सगळं तिथंच उरकायचं. मग अंगणात फरशी बसली, ढीग उचलला गेला आणि त्या जागी मूठभर राख घातलेलं एक घमेलं आलं. तेव्हापासून मनी कधी घमेल्याशेजारी शू करते, कधी थेट गादीवर. आठवडाभर घरचे रागावतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "म्हातारी झाली आता. पोत्यात घाल आणि पुलापलीकडे सोडून ये."

पूल म्हणजे गोदावरीवरचा. अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड.

ही मनी काल्पनिक आहे, पण पोत्याचा सल्ला गावोगावी दिला जातो. खरं तर अनेकदा अडचण मांजरात नसून ट्रेमध्ये असते, आणि ती घरातल्या घरात सुटू शकते. कशी, तेच या लेखात समजून घेऊ.

म्हातारं मांजर ट्रे का सोडतं?

दहा वर्षांच्या पुढचं मांजर ज्येष्ठ मानलं जातं. १४ वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबानं सत्तरी ओलांडलेलं. या वयात तीन गोष्टी होतात.

पहिली, सांधे दुखतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, त्यामुळे आपल्याला ते कळतही नाही. ते फक्त उंच कडेवरून आत जाणं टाळतं आणि टोचणाऱ्या खड्यांवर उभं राहणं टाळतं.

दुसरी, मूत्रपिंडं थकतात. वयस्कर मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट आजार खूप आढळतो. मधुमेह आणि थायरॉइडचा त्रासही होऊ शकतो. या तिन्ही आजारांत तहान आणि लघवी वाढते. म्हणजे ट्रे लवकर ओला होतो, आणि ओल्या ट्रेत पाय ठेवायला मांजराला आवडत नाही.

तिसरी, नजर आणि स्मरणशक्ती कमी होते. रात्रीच्या अंधारात माडीवरून खाली यायचं आणि मागच्या दाराजवळचा ट्रे शोधायचा, हे जमेनासं होतं.

थोडक्यात, गादी मऊ असते, जवळ असते आणि तिला कड नसते. म्हणून गादी.

कॅट लिटर आलं कुठून?

आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज हे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या कोरड्या भागातली रानमांजरं. सैल, बारीक माती उकरायची आणि विष्ठा झाकायची, ही सवय तिथली. म्हणून वाळूचा ढीग दिसला की मांजराला वेगळं शिकवावं लागत नाही.

विकतच्या लिटरची गोष्ट १९४७ ची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांच्या शेजारणीनं मांजरासाठी वाळू मागितली. लो यांनी तिला वाळूऐवजी कारखान्यात सांडलेलं तेल शोषायला वापरली जाणारी माती दिली. त्या मातीचा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. आपण तिला मुलतानी माती म्हणतो. पुढे १९८० च्या दशकात ओलं होताच गोळा होणारी बेंटोनाइट माती वापरात आली. आज ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक पिशव्यांत तीच असते. भारतात बेंटोनाइटचे मोठे साठे गुजरातमधल्या कच्छमध्ये आणि राजस्थानमधल्या बाडमेरमध्ये आहेत.

यात मराठवाड्यासाठी एक गंमत आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी आपली काळी माती आणि बेंटोनाइट यांचं नातं जवळचं आहे. दोन्हींत पाणी पिऊन फुगणारं खनिज एकाच कुळातलं असतं. मग शेतातली माती आणून ट्रेत घालावी का? नाही. तिच्यात कृमींची अंडी असू शकतात, आणि ओली झाली की ती पंजांना चिखलासारखी चिकटते.

कोणते पर्याय आहेत?

ट्रे ७० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि थर ३ सेंटीमीटरचा धरू. त्यात बेंटोनाइट साधारण ९ किलो लागेल, वाळू १४-१५ किलो आणि कोरडा भुसा जेमतेम २ किलो. ट्रे रिकामा करणारी व्यक्तीही वयस्कर असेल, तर हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

*बेंटोनाइट माती:* मांजरांच्या आवडीवर झालेल्या अभ्यासांत बारीक दाण्याच्या, गोळा होणाऱ्या मातीला सहसा पसंती मिळाली आहे. पायाला मऊ लागते, वास धरून ठेवते. सर्वांत मोठा फायदा म्हणजे लघवीचे गोळे मोजता येतात. रोज तीन गोळे निघत होते आणि आता सहा निघतात, हे डॉक्टरांसाठी मोलाचं असतं. तोटे म्हणजे धूळ, वजन आणि खर्च. दम्याच्या मांजराला धूळ बाधते. रक्त कमी झालेली मांजरं कधीकधी माती चाटतात. तसं दिसलं तर ही माती लगेच बंद करा आणि मांजराला डॉक्टरांना दाखवा, कारण ती पोटातही फुगते.

*नदीची वाळू:* मांजराची आवडती आणि पायाला सोसणारी. पण ती लघवी शोषत नाही. लघवी तळाशी साचते आणि दोन दिवसांत वास सुटतो. वाळू धुवायची तर पाणी हवं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात ते कुठून आणायचं? दुसरं म्हणजे, नदीपात्रातून परवान्याशिवाय वाळू उचलणं बेकायदेशीर आहे. बांधकामाची उरलेली वाळू वापरणार असाल तर चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या आणि थोडी थोडी बदलत राहा.

*लाकडाचा भुसा:* वखारीत किंवा सुताराकडे सहज मिळतो, हलका असतो, ओल चांगली शोषतो. मात्र भुसा कशाचा, ते विचारा. प्लायवूड आणि एमडीएफ कापल्यावर निघणाऱ्या भुश्यात डिंक आणि रसायनं असतात, तो नको. उग्र वासाच्या लाकडाचाही नको. अगदी पिठासारखा भुसा नाकात जातो, म्हणून चाळून जाडसर भाग घ्या. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, त्यामुळे झाकणाच्या डब्यात ठेवा.

*रद्दीचा कागद:* सर्वांत स्वस्त, धूळ जवळपास नाही, पायाला मऊ. ऑपरेशन झालेल्या किंवा पायाला जखम असलेल्या मांजरासाठी डॉक्टर बहुतेक वेळा कागदच सुचवतात. कमतरता एकच, वास थांबत नाही. घरी सुधारून घेता येतो. कागदाच्या पट्ट्या कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून भिजवा, स्वच्छ पाण्यातून काढा, थोडा खाण्याचा सोडा भुरभुरवा, घट्ट पिळा आणि चुरून उन्हात पसरा. आपल्याकडच्या उन्हात दोन दिवसांत कोरडे, मऊ कण तयार होतात.

*सोयाबीनच्या चोथ्याचं लिटर:* बाजारात ते 'टोफू लिटर' नावानं मिळतं. धूळ कमी, वजन कमी, गोळेही होतात. पण दाणे लांबुळके शेवयांसारखे असतात. मातीची सवय असलेलं मांजर ते आधी नाकारू शकतं. शेतातलं सोयाबीनचं भुसकट हा त्याला पर्याय नाही, ते पायाला टोचतं.

*सिलिका जेलचे खडे:* ओल आणि वास उत्तम धरतात, पण खडे टोकदार असतात. सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी हा पर्याय शेवटी ठेवा.

*राख:* जुन्या घरांत मांजर चुलीच्या राखेत जायचं, म्हणून अनेकजण आजही राख घालतात. ओली राख क्षारयुक्त होते आणि पंजांची त्वचा जळजळते. मांजर तेच पंजे चाटतं. राख नकोच.

मग निवड कशी करायची?

सांधेदुखी असेल तर बारीक दाण्याची माती किंवा मऊ कागदी कण. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर गोळे होणारं लिटर, कारण लघवीचा हिशेब राहतो. दमा किंवा शिंका असतील तर कागद किंवा टोफू. जखम असेल तर कागद. बजेट कमी असेल तर जाडसर भुसा किंवा कागद, पण रोज बदलायची तयारी ठेवून. आणि वरचं सगळं बाजूला ठेवून मांजरानं एकच पर्याय पसंत केला, तर त्याचं ऐका. मांजर जे वापरत नाही, ते लिटर कितीही चांगलं असलं तरी कामाचं नाही.

सुगंधी लिटर टाळा. आपल्याला गुलाबाचा वास बरा वाटतो, पण मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतं.

लिटरइतकाच ट्रे महत्त्वाचा

नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट लांब ट्रे हवा. घमेल्यात मांजराला नीट वळता येत नाही. त्यापेक्षा प्लास्टिकचा जुना मोठा टब घ्या. एका बाजूची कड जमिनीपासून ७-८ सेंटीमीटरवर कापा आणि कापलेल्या कडेवर जाड चिकटपट्टी लावा. इतर तीन बाजू उंच राहू द्या. मोसंबीचं क्रेटही चालतं, फक्त आत जाड प्लास्टिक अंथरा.

थर २-३ सेंटीमीटरच ठेवा. जाड थरात म्हाताऱ्या मांजराचे पाय रुततात आणि तोल जातो. एका मांजराला दोन ट्रे ही साधी पद्धत. घराला माडी असेल तर दोन्ही मजल्यांवर एकेक. ट्रे जेवणाच्या वाटीपासून दूर, पण रात्री थोडा उजेड असेल अशा जागी ठेवा.

बदल हळूहळू करा

एका दिवसात जुनं काढून नवं घालू नका. जुना ट्रे तसाच ठेवून शेजारी नवा ठेवा आणि मांजर कुठं जातं ते पाहा. किंवा पहिल्या आठवड्यात पाव भाग नवं, दुसऱ्या आठवड्यात अर्धं, तिसऱ्यात पाऊण आणि चौथ्यात पूर्ण नवं. मध्येच मांजर बाहेर घाण करू लागलं, तर एक पायरी मागे या. ओरडू नका, नाक घासू नका. त्यानं मांजर फक्त लपून शू करायला शिकतं.

साफसफाई: फिनेलला हात लावू नका

काळ्या फिनेलमधली फिनॉल गटातली रसायनं आणि पांढऱ्या फिनेलमधलं पाइन तेल, दोन्ही मांजरासाठी विषारी ठरू शकतात. मांजराचं यकृत ही रसायनं नीट निकामी करू शकत नाही. ब्लीचिंग पावडरही नको. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग झाला की डोळे आणि छाती जाळणारा वायू तयार होतो. ट्रे साबणाच्या पाण्यानं धुवा आणि उन्हात वाळवा.

विष्ठा रोज उचला. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हेच चांगलं संरक्षण. गरोदर महिलेनं हे काम दुसऱ्याकडे द्यावं. वापरलेलं लिटर संडासात, नदीत किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या किंवा विहीर-बोअरपासून लांब खोल पुरा.

लिटर बदलून भागणार नाही, ते कधी?

बोका ट्रेत वारंवार बसतोय आणि लघवीचा थेंब येत नाही, तर ती आणीबाणी आहे. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लघवीत रक्त, अचानक वाढलेली तहान, घटणारं वजन किंवा दोन-तीन दिवस शी न होणं, यातलं काहीही दिसलं तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मोठ्या तपासण्यांसाठी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसांच्या दुखण्यावरची गोळी मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

आणि तो पूल?

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं, हा त्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधीचा मुद्दा साधा आहे. सांधे दुखणारं, १४ वर्षं घरातल्या वाटीत खाल्लेलं मांजर पुलापलीकडे शिकार करू शकत नाही.

मनीच्या घरी काय करता येईल? घमेलं काढायचं, राख फेकायची. कडेला कापलेला एक टब, त्यात जाडसर भुसा आणि वर ओळखीच्या चाळलेल्या वाळूचा पातळ थर. तो तिच्या झोपायच्या जागेपासून चार पावलांवर ठेवायचा. दोन आठवडे वाट पाहायची. तरीही गादी ओली झाली, तर पोतं नव्हे, टोपली घ्यायची आणि तिला डॉक्टरकडे न्यायचं.