काओरचें काळें मद्य

एखाद्या पिकाचें नांव झालें म्हणजे त्याचें श्रेय लोक जमिनीला देतात, आणि तें बरेंचसें रास्तही असतें. फ्रान्समधील द्राक्षबागाइतदारांच्या भाषेंत जमिनीच्या या गुणाला एक स्वतंत्र शब्द आहे. तो म्हणजे ‘तेर्वार’. माती, तिच्याखालचा खडक, उताराची दिशा, ऊन, वारा, पाऊस आणि त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या हातांची रीत, हें सर्व त्या एका शब्दांत येतें. मराठींतील ‘माती-पाण्याचा गुण’ हा शब्दप्रयोग त्याच्या बराच जवळ जातो. परंतु जमिनीनें दिलेला गुण बाजारापर्यंत पोंचावयाचा तर त्याला वाट लागते. आणि ती वाट दुसऱ्याच्या अंगणांतून जात असेल, तर जमीन उत्तम असून भागत नाहीं. नैर्ऋत्य फ्रान्समधील काओर या लहानशा प्रदेशाचा आणि तेथील तांबड्या द्राक्षमद्याचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

काओर हें नगर लोत नदीच्या कांठीं वसलें आहे. ही नदी लोझेर पर्वताच्या बाजूस उगम पावते, डोंगराळ मुलखांतून पश्चिमेकडे वाहत येते आणि गारोन नदीला मिळते. गारोन पुढें बोर्दो शहरावरून समुद्राकडे जाते. लोतचा प्रवाह सरळ असा नाहींच. ती एकामागून एक वळणें घेत जाते आणि काओर नगराला तर तिनें तिन्ही बाजूंनीं वेढा घातला आहे. चौदाव्या शतकांत बांधलेला, तीन उंच मनोऱ्यांचा व्हालांत्रे पूल आजही तेथें उभा असून नगराच्या गतवैभवाची साक्ष देत आहे.

नगराच्या पश्चिमेस नदीच्या दोन्ही तीरांनीं द्राक्षमळे पसरले आहेत. या अरुंद पट्ट्यांत दोन अगदीं भिन्न प्रकारच्या भूमि एकमेकींना लागून आहेत. पहिली भूमि नदीनें घडविलेली. लोतनें युगानुयुगें वरच्या डोंगरांतून गोटे, वाळू आणि गाळ आणून आपल्या वळणांच्या आंतल्या बाजूस टाकला. पुढें पात्र खोल होत गेलें, तसे ते जुने थर पायऱ्यांसारखे वर राहिले. नदीलगतची सर्वांत खालची पायरी सुपीक आहे. तेथें वेल माजते, फळ भरपूर धरतें, परंतु रस पातळ उतरतो. वरच्या पायऱ्यांवर गारगोट्या आणि चिकणमाती यांचें मिश्रण आहे. तेथें पाणी सांचून राहत नाहीं, मुळांना ओलाव्यासाठीं खोल जावें लागतें, आणि फळ थोडें पण सत्त्वयुक्त येतें.

दुसरी भूमि त्याहून वरची, समुद्रसपाटीपासून सुमारें तीनशें मीटर उंचीच्या चुनखडीच्या पठाराची. तेथील लोक तिला ‘कॉस’ म्हणतात. मातीचा थर पातळ, खालीं फुटका पांढरा खडक, आणि खोऱ्याहून थंड रात्री. येथील द्राक्षें उशिरां पिकतात आणि त्यांचें मद्य अधिक तरतरीत व टिकाऊ होतें. हवामानही असेंच सीमेवरचें आहे: पश्चिमेकडून अटलांटिक महासागराचा ओलावा येतो, तर आग्नेयेकडून वाहणारा कोरडा, उबदार वारा फळ पिकण्यास साहाय्य करतो. जेथें धान्य पिकविणारा शेतकरी कपाळाला हात लावील, तेथेंच द्राक्षवेल आपला उत्तम गुण प्रकट करते.

या भूमीवर मुख्यत्वेंकरून एकाच जातीची वेल लावण्यांत येते. तेथें तिला ‘को’ किंवा ‘ओसेर्वा’ म्हणत आले. जगांत ती ‘मालबेक’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्या रसाचा रंग इतका गडद कीं, व्यापाऱ्यांनीं या मद्याला ‘काळें मद्य’ असेंच नांव ठेविलें. जुन्या काळीं रसाचा कांहीं भाग कढवून मूळ रसांत मिसळण्याचीही चाल होती. त्यामुळें रंग अधिक गडद होई आणि मद्य दूरच्या प्रवासांत टिके.

प्रवास तर दूरचा होताच. ११५२ सालीं आक्वितेन प्रांताची वारस एलेनॉर हिनें हेन्री प्लांटाजेनेट याच्याशीं विवाह केला आणि दोन वर्षांनीं तो इंग्लंडचा राजा झाला. बोर्दो बंदर अशा रीतीनें इंग्लंडच्या राजसत्तेखालीं आलें आणि तेथून मद्यानें भरलेलीं गलबतें लंडनकडे जाऊं लागलीं. तेराव्या शतकांत काओरचें मद्यही या वाटेनें इंग्लंडांत पोंचत असे. काओरचे सावकार त्या काळीं युरोपभर इतके गाजले होते कीं, इटालियन महाकवि दान्ते यानें आपल्या महाकाव्यांतील नरकाच्या वर्णनांत व्याजखोरीच्या संदर्भांत या नगराचें नांव घेतलें. १३१६ सालीं काओरचाच एक सुपुत्र बाविसावा जॉन या नांवानें पोपच्या गादीवर बसला, आणि १३३२ सालीं त्यानें आपल्या जन्मग्रामीं विद्यापीठ स्थापन केलें. म्हणजे या नगराजवळ जमीन होती, कष्ट होते, पैसा होता आणि धर्मसत्तेच्या दरबारीं वजनही होतें. समुद्रकांठ तेवढा नव्हता.

समुद्राची किल्ली बोर्दोच्या हातीं होती आणि बोर्दोचे नागरिक स्वतः द्राक्षमळ्यांचे मालक होते. त्यांनीं इंग्लंडच्या राजांकडून एकामागून एक सवलती मिळविल्या. स्वतःच्या मळ्यांतील मद्यावरचा मोठा कर त्यांना माफ झाला. नदीच्या वरच्या अंगाहून येणाऱ्या मद्याला मात्र तो भरावा लागे. त्याहून जाचक निर्बंध काळाचा होता. वरच्या मुलखाचें मद्य ठरावीक दिवसापूर्वीं बोर्दोंत उतरवूं देत नसत. हा दिवस प्रथम ११ नोव्हेंबर, म्हणजे संत मार्टिनचा सण, असे आणि पुढें तो नाताळपर्यंत लांबविण्यांत आला. या नियमाची खोंच समजण्यास एवढें ध्यानीं घेतलें पाहिजे कीं, त्या काळचीं बहुतेक मद्यें वर्षभरांत आंबून जात, म्हणून नव्या मद्याला शरद ऋतूंतच खरा भाव येई आणि इंग्लंडचीं गलबतेंही त्याच सुमारास येत. तीं बोर्दोच्या मालानें भरून निघून गेलीं म्हणजे मग काओरच्या पिंपांना दार उघडे! नवल असें कीं, याच बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या मद्याला रंग आणि जोर यावा म्हणून काओरचें काळें मद्य त्यांत मिसळीत. माल हवा होता. मालाचें नांव नको होतें.

१४५३ सालीं इंग्रजांचें राज्य बोर्दोंतून कायमचें गेलें, परंतु त्यांनीं दिलेल्या सवलती गेल्या नाहींत. राजे बदलले, निर्बंध तसेच राहिले. अखेर सोळाव्या लुईचा अर्थमंत्री त्यूर्गो यानें १७७६ च्या एप्रिल महिन्यांत मद्याचा व्यापार राज्यभर मोकळा करणारें फर्मान काढलें. पुढच्याच महिन्यांत त्यूर्गोला अधिकारपद सोडावें लागलें, आणि असले हक्क पुरते नाहींसे व्हावयास १७८९ ची राज्यक्रांतीच यावी लागली. पांचशें वर्षांची कोंडी अशी फुटली.

परंतु मोकळ्या वाटेचें सुख शतकभरही पुरलें नाहीं. अमेरिकेंतून आलेला फिलॉक्सेरा नांवाचा सूक्ष्म किडा १८६० नंतरच्या दशकांत दक्षिण फ्रान्सच्या वेलींच्या मुळांना लागला आणि पुढील दशकांत लोतच्या खोऱ्यांत शिरला. मळेच्या मळे वाळून गेले. अमेरिकन वेलीच्या खुंटावर देशी वेलीचें कलम करावें, हा उपाय सांपडला खरा. परंतु काओरच्या वेलीला ते खुंट नीट मानवेनात आणि फुलोरा गळूं लागला. कित्येकांनीं हलक्या संकरित जाती लावल्या, कित्येकांनीं गांवच सोडला. १९४७ सालीं पार्नाक या गांवीं शेतकऱ्यांनीं सहकारी मद्यशाळा काढून पुन्हा उभारी धरली, तोंच १९५६ च्या फेब्रुवारींत असें हिंव पडलें कीं, होत्या त्या वेलीही बहुतेक मेल्या.

उजाड रानासमोर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यापुढें तेव्हां प्रश्न होता: आतां लावावें तरी काय? अधिक उत्पन्न देणाऱ्या दुसऱ्या जाती होत्या, दुसरीं पिकेंही होतीं. काओरकरांनीं पुन्हा आपली जुनी वेलच लावली. या वेळीं मात्र तिला मानवणारा खुंट पारखून. १९७१ सालीं फ्रेंच सरकारनें काओरला उच्चतम दर्जाच्या मूळस्थानाची मान्यता दिली. या नांवानें विकलें जाणारें मद्य तांबडेंच असलें पाहिजे, त्यांत निदान शेंकडा ७० भाग मालबेक असावें आणि उरलेला भाग मेर्लो व ताना या दोनच जातींचा असावा, असा नियम आहे.

या अवधींत ती वेल आणि तें नांव हीं दोन्हीं परदेशीं स्थायिक झालीं होतीं. १८५३ सालीं मिशेल पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाच्या देखरेखीखालीं अर्जेंटिनांतील मेंडोझा येथें एक कृषिशाळा स्थापन झाली. त्यानें आणलेल्या फ्रेंच वेलींमध्यें मालबेकही होती, आणि पुढें ती त्या देशाची मुख्य वेल होऊन बसली. रशियांत तर ख्रिस्ती उपासनेंतील गोड मद्याला ‘कागोर’ म्हणतात. तें काओर या नांवाचेंच रूपांतर होय.

काओरची माती पांचशें वर्षांत बदलली नव्हती. चुनखडीचा खडक व गारगोट्यांच्या पायऱ्या जेथल्या तेथेंच होत्या. बदलला तो कायदा. एके काळीं राजाची मुद्रा वाट अडविणाऱ्याच्या हक्कावर उमटत असे. १९७१ नंतर शासनाची मुद्रा जमिनीच्या नांवावर उमटूं लागली. जमीन गुण देते, परंतु त्या गुणाचें मोल राबणाऱ्याच्या घरीं पोंचेल कीं नाहीं, हें माणसांनीं केलेले नियम ठरवितात. काओरच्या शेतकऱ्यानें मात्र नियम प्रतिकूल असतांनाही आपली वेल जपली, म्हणूनच ते अनुकूल झाले तेव्हां त्याच्यापाशीं विकण्यासारखें कांहीं शिल्लक होतें.