एकसष्टची प्रकृती

१,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात घातलेल्या एका कोड्याचे हे उत्तर. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्गच येतो? शून्य सोडले, तर अशी सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८० आहे आणि आलेल्या वर्गाचे मूळ म्हणजे आरंभीची संख्या.

६१ ऐवजी ६० घेतले, तर ४ आणि ३१ यांवर भागते. ६२ ला ८ आणि ६३ पुरतात. त्याच श्लोकातल्या ६७ चे मोठे मूळही पाचच आकडी, ४८,८४२. आचार्यांनी ६१ सहज निवडला असेल, हे मला पटत नाही.

एकेक संख्या तपासायची म्हटली तर बावीस कोटींवर खेपा. चक्रवाल पद्धतीने मात्र काम पाटीवर उरकते. ८ च्या वर्गातून ६१ वजा केले, की ३ उरतात, हा क्षेप. एका फेरीनंतर ३९ आणि ५ मिळतात: १५२१ वजा १५२५, क्षेप उणे ४. दोन्ही मुळे निम्मी केली, की क्षेप उणे १ होतो. मग ‘भावना’, म्हणजे दोन जोड्यांच्या गुणाकाराची ब्रह्मगुप्ताची युक्ती, दोनदा लावली की अपूर्णांक जाऊन २९,७१८ आणि ३,८०५ हाती येतात. आणखी एक भावना, आणि उत्तर तयार.

या संख्येचा एक गुण मला फार आवडतो. तिच्यातून एक वजा करा: २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. एक मिळवा: ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. उत्तराने आपली जन्मकथा अशी दोन्ही अंगांना जपली आहे.

१६५७ साली फ्रान्समध्ये फर्मानेही असेच कोडे घातले, तेही ६१ चेच! इंग्लंडच्या ब्राउंकरने रीत शोधली. ऑयलरने गफलतीने श्रेय पेलला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव चिकटले. कोलब्रुकचे ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर छापले गेले १८१७ मध्ये, तेव्हा फर्माने आपल्याकडून उचलले म्हणण्यात अर्थ नाही.

पण नावाची तक्रार करताना आपलाही हिशेब चोख हवा. भावना ब्रह्मगुप्ताची, इ. स. ६२८ मधली. चक्रवाल जयदेवाला ठाऊक होते, हे उदयदिवाकराच्या १०७३ मधल्या टीकेवरून कळते. म्हणजे भास्कराचार्यांच्या आधीच. आणि पूर्ण वर्ग नसलेल्या कोणत्याही संख्येसाठी असे उत्तर असतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. उत्तर काढता येणे आणि ते नेहमी निघेलच हे सिद्ध करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या गौरवलेखांतून दुसरे काम बहुधा गाळले जाते.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख सांगतो, की आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. दगडावर वंशावळ आहे, दानांचा तपशील आहे. ६१ चे गणित नाही. ते पोथीत राहिले.